बाथरूमचे नूतनीकरण: कारागिराचा सल्ला कसा घ्यावा आणि मजुरी कशी ठरवावी

पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या इमारतीतल्या सदनिकेचे बाथरूम नव्याने करून घेणे हे मध्यमवर्गीय घरातले बहुधा सर्वांत किचकट काम असते. कारण पाच बाय आठ फुटांच्या त्या जागेत गवंडी, प्लंबर, वायरमन आणि टाइल्स बसवणारा असे कसबी लोक एकामागून एक येतात, प्रत्येकाचे काम पुढच्याच्या कामाखाली झाकले जाते, आणि कुठे चूक राहिलीच तर ती आपल्या आधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना, त्यांच्या छतावरच्या ओलीमुळे कळते. म्हणूनच कारागिराचा सल्ला कसा ऐकावा, कुठे ऐकू नये, आणि मजुरी कशी ठरवून कशी चुकती करावी, हे सांगण्यासाठी येथे मुख्यतः बाथरूमचे उदाहरण घेतले आहे. रंगकाम आणि सुतारकाम यांचा उल्लेख ओघाने येईल.

सर्व सूचनांच्या मुळाशी असलेली गोष्ट आधीच सांगतो. घासाघीस करायचीच असेल तर ती कामाच्या व्याप्तीवर करावी, मजुरीच्या दरावर करू नये. दर दाबला म्हणून कारागीर काम सोडून जात नाही, कारण त्याला हाती काम हवेच असते. तो फक्त कुणाला न दिसणारी गोष्ट कमी करतो. कोब्यातले, म्हणजे टाइलखालच्या विटा-सिमेंटच्या थरातले, वॉटरप्रूफिंगचे द्रावण कमी पडते, पाणी मारण्याचे दिवस कमी होतात, टाइलच्या पाठीला माल अर्धाच लागतो. वरून दिसणारे काम मात्र तेवढेच चकचकीत राहते आणि वाचवलेले पाच-सहा हजार रुपये दोन पावसाळ्यांत तोडफोडीसकट परत बाहेर पडतात.

पाहणीपासून सुरुवात

फोनवरून "बाथरूमचे पूर्ण काम करायचे काय घेता?" असे विचारल्यास मिळणारा आकडा निरुपयोगी असतो. चांगला मिस्त्री आधी जागा बघायला येतो, भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून प्लॅस्टर कुठे सुटले आहे ते ऐकतो, डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतल्या) उभ्या पाइपांची अवस्था पाहतो, आणि जमल्यास खालच्या सदनिकेत जाऊन छतावरची ओल नेमकी कुठे आहे ते बघून येतो. या पाहणीत त्याचा अर्धा दिवस मोडतो. सहा-सात जणांना फुकट बोलावून, प्रत्येकाकडून दुसऱ्याच्या दराची खातरजमा करून घेऊन, शेवटी सर्वांत स्वस्त माणसाला काम देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे, पण त्यात उरलेल्यांचा रोज बुडतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. ओळखीतून नाव मिळालेल्या दोघा-तिघांनाच बोलवावे, पाहणीचे पैसे किती ते आधी विचारून द्यावेत, आणि काम दिल्यास ते अंतिम हिशेबात वळते करायचे का हेही तेव्हाच ठरवावे. पैसे देऊन घेतलेल्या सल्ल्यात कारागीरही मोकळेपणाने बोलतो, कारण काम मिळावे म्हणून गोड बोलण्याची गरज त्याला उरत नाही.

पाहणीच्या वेळी "होईल ना?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "होईल" असेच येते. त्याऐवजी "मिस्त्री, हे असे केले नाही तर काय होईल?" असा प्रश्न करावा. ज्याला काम कळते तो लगेच कारण सांगतो आणि बहुतेकदा एखाद्या आधीच्या घरातले उदाहरणही देतो; ज्याला कळत नाही तो "सगळे असेच करतात" असे म्हणून विषय संपवतो. दोन मिस्त्र्यांची मते वेगळी पडली तर एकाचे नाव न घेता त्याचा मुद्दा दुसऱ्यापुढे ठेवावा आणि दोघांची कारणे तोलून पाहावीत.

जे सल्ले हमखास डावलले जातात

पहिला सल्ला तोडफोडीचा. बहुतेक इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब सुमारे फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला कारागीर संकन म्हणतात, आणि त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. खालच्या घरात गळती असेल तर गवंडी सांगतो की संकन पूर्ण उकरावा लागेल. घरमालकाला मात्र जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवून चार दिवसांत मोकळे व्हायचे असते. गळती नसेल आणि जुन्या टाइल घट्ट असतील तर टाइलवर टाइल हा मार्ग चालतो, पण त्याने जमीन पाऊण इंचापर्यंत वर येते, उंबरा बुटका होतो, दार खालून कापावे लागते, आणि मुख्य म्हणजे गळती जिथे आहे तिथेच राहते. गवंडी जास्त काम काढतो आहे असा संशय येथे घेण्याआधी शेजाऱ्यांचे छत स्वतः पाहून यावे.

दुसरा सल्ला थांबण्याचा, आणि वाद सर्वांत जास्त यावरच होतात. कोबा झाला की गवंडी आठवडाभर काम बंद ठेवून पाणी मारायला सांगतो, आणि मालकाला वाटते की तो दुसऱ्या साइटवर जायला मोकळा झाला. तो तसा जातोही, आणि त्यात गैर काही नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे ते घट्ट होते आणि ही क्रिया आठवडे चालते. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलावा द्यावा लागतो, आणि हल्ली दुकानांत सर्रास मिळणाऱ्या पीपीसीसारख्या, म्हणजे राख वगैरे मिसळलेल्या, मिश्र सिमेंटसाठी किंवा कोरड्या उन्हाळ्यात १० दिवस. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा संभाजीनगरला काम चालू असेल तर दिवसातून एकदा बादली ओतून भागत नाही. पृष्ठभागावर कडेने मातीची किंवा सिमेंटची पाळ करून पाणी साठवून ठेवावे लागते किंवा ओली पोती अंथरावी लागतात. गवंडी एका वेळी थोडाच माल कालवतो यावरही पुष्कळांचा रोष असतो, पण पाणी पडल्यापासून साधारण अर्ध्या तासाने सिमेंट आवळायला लागते, आणि आवळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरणारा गवंडी वेगवान असला तरी चांगला नसतो.

थांबण्याचाच दुसरा भाग म्हणजे पाणी भरून घेतलेली चाचणी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि टाइल बसण्यापूर्वी नहाणी ट्रॅपचे (जमिनीतल्या पाणी वाहून जाणाऱ्या भोकाचे) तोंड घट्ट बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि किमान ४८ तास, शक्य असल्यास ७२ तास ते तसेच ठेवावे. या काळात खालच्या शेजाऱ्यांना कल्पना देऊन रोज एकदा त्यांचे छत पाहून यावे. पातळी थोडी खाली जाईल, कारण पाणी उडून जाते. खालचे छत मात्र कोरडे राहिले पाहिजे. जो मिस्त्री ही चाचणी स्वतःहून सुचवतो त्याला धरून ठेवावे. चाचणीचे हे दोन-तीन दिवस तो आपल्याकडे राबत नसला तरी त्यांची किंमत त्याच्या दरात धरलेली असते, आणि "तीन दिवस तर कामच नव्हते" असे म्हणून ते पैसे कापू नयेत.

तिसरा सल्ला खरेदीच्या क्रमाचा. घरमालक दिवाळीच्या सवलतीत आवडले म्हणून कमोड घेऊन येतात आणि मग प्लंबरला बोलावतात. काही कमोडचा निचरा जमिनीत जातो, काहींचा मागच्या भिंतीत. जमिनीत जाणाऱ्यांतही भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर वेगवेगळे असते. जुना पाइप जिथे आहे तिथे नवे भांडे बसले नाही तर एक तर संकन उकरायचा किंवा दुकानदाराशी हुज्जत घालायची. भिंतीत दडवायचा शॉवरचा डायव्हर्टर (नळाचे पाणी शॉवरकडे वळवणारी चावी) याच्या उलट आहे: तो पाइप टाकण्याच्या आधीच हातात असावा लागतो, कारण प्लॅस्टर आणि टाइल मिळून किती जाडी वाढेल याचा अंदाज घेऊन प्लंबर त्याची खोली ठरवतो. अंदाज चुकला की वरची तबकडी भिंतीत रुतते किंवा अर्धा इंच बाहेर डोकावत राहते. म्हणून प्लंबरकडून आधी मापांसकट यादी घ्यावी, दुकानात त्याला बरोबर न्यावे आणि त्या दिवसाचा त्याचा रोज द्यावा.

चौथा टाइल्सचा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही (अर्धा टक्का किंवा त्याहून कमी), त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाची पकड तिला नीट मिळत नाही आणि कारागीर अॅडहेसिव्ह मागतो. ते महाग आहे हे खरे. पण अॅडहेसिव्ह आणूनही ते कसे लावतात हे पाहण्यासारखे असते: टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबली की मधल्या जागा पोकळ राहतात, तिथे पुढे पाणी साचते किंवा खिळा ठोकताना टाइल फुटते. दातेरी थापीने भिंतीवर सारख्या रेघा ओढून आणि टाइलच्या पाठीला पातळ थर देऊन ती बसवणाऱ्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याचा चौरस फुटाचा दरही जास्त असतो. बसवून झाल्यावर नाण्याने हलके वाजवून पाहिले की कुठे भरीव आणि कुठे पोकळ ते कानाला लगेच कळते. दोन टाइलमध्ये स्पेसर ठेवून दोन मिलिमीटरची फट सोडायची की टाइल एकमेकींना चिकटवायच्या यावर मालकांचा हट्ट असतो, आणि कारागिराचे येथे जरूर ऐकावे. फट नसेल तर ग्राउट (फटी भरण्याचा लेप) आत जात नाही आणि टाइलच्या मापातला बारीक फरक सामावायला जागाही उरत नाही.

जमिनीच्या उताराबाबत सल्ल्यापेक्षा पडताळणी महत्त्वाची. शंभरास एक हे प्रमाण धरले तर आठ फुटांत जेमतेम एक इंच उतार होतो. टाइल कोरडी मांडलेली असतानाच दाराच्या बाजूने तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते हे मिस्त्रीसमोर पाहावे. त्याला त्यात अपमान वाटत नाही, बहुतेक जण ते स्वतःच करून दाखवतात.

विजेबद्दल थोडेच सांगायचे आहे. तीन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो, आणि जुन्या वायरिंगवर तो चालवू नका असे वायरमन म्हणाला तर वाद न घालता बोर्डापासून स्वतंत्र तार ओढून घ्यावी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांत तडजोड नाही. वायरमनकडे परवाना आहे का हे विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

रंगाऱ्याचा सल्लाही सहसा थांबण्याचाच असतो. नवे प्लॅस्टर पूर्ण सुकायला जवळपास महिना लागतो आणि ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की ती पापुद्रे धरून सुटते. पण गणपती किंवा दिवाळी तोंडावर आलेली असते. कोकणातले कारागीर गणपतीत गावी जातात, उत्तर भारतातले छठला, आणि नेमकी त्याच्या आधीच्या पंधरवड्यात सर्वांना घरे रंगवून हवी असतात. तेव्हा मिळणारा माणूस महाग तरी असतो किंवा घाईत तरी. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

जिथे कारागिराचा शब्द अखेरचा नाही

आदर म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. कॉलम, बीम, स्लॅब किंवा जुन्या वाड्या-चाळींतल्या भार पेलणाऱ्या भिंती यांना हात लावायचा असेल तर "ही पाडली तरी काही होत नाही" हे गवंड्याचे वाक्य पुरेसे नाही. तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत, गृहनिर्माण संस्थेची परवानगी आणि लागू असेल तिथे महापालिकेची मंजुरी लागते. सरळमार्गी मिस्त्री हे स्वतःच सांगतो. चार इंची भिंतीत फ्लशची टाकी दडवण्यासाठी आडवी लांब खाच पाडायला जो लगेच तयार होतो, त्याच्या इतर सल्ल्यांकडेही जरा सावधपणे पाहावे.

दुसरी अडचण कमिशनची. पुष्कळ हार्डवेअर आणि टाइल्सच्या दुकानांत कारागिराने आणलेल्या गिऱ्हाइकामागे त्याला काही टक्के मिळतात, आणि त्यामुळे तो सुचवेल त्या वस्तूबद्दल मनात शंका येते. यावर चिडण्यात अर्थ नाही. ज्यांच्या मजुरीत आपण वर्षानुवर्षे काटछाट केली त्यांनी उत्पन्नाची दुसरी वाट शोधली, इतकेच. सरळ बोलावे: "खरेदीला याल त्या दिवसाचे पैसे मी देतो, दुकानातून जे सुटेल ते बिलातून कमी करून घ्या." बहुतेक जण तयार होतात. प्लायवूडसारख्या मालात तर आपणही खूण पाहून घ्यावी. पाण्याजवळच्या कपाटाला आयएस (भारतीय मानक) ७१० ची मरीन प्लाय सांगितली असेल आणि पाटावर आयएस ३०३ चा शिक्का असेल, तर तो साधा ओलावा सहन करणारा माल असू शकतो. त्यावर ग्रेड काय लिहिली आहे ते वाचून सुताराला विचारावे.

मजुरी कशी ठरवावी

प्रथम मोजमाप, आणि तेही दोघांनी मिळून. पाच बाय आठच्या बाथरूमच्या चार भिंतींचा घेर २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल लावल्यास १८२ चौरस फूट, त्यातून अडीच बाय सातचे दार वजा केले की १६४.५, आणि जमिनीचे ४० मिळून सुमारे २०५ चौरस फूट. कापाकापीत जाणारे दहा टक्के धरून २२५ चौरस फूट टाइल घ्यावी. हा हिशेब कागदावर समोर असला की दरावरून होणारे निम्मे वाद होतच नाहीत. प्लॅस्टर आणि रंगाचा दर ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर, सांगितलेला असू शकतो; विजेचा पॉइंटवर आणि ओट्याचा किंवा कठड्याचा धावत्या फुटावर. दार-खिडकीची वजावट कशी धरायची हे आधी बोलावे, कारण छोट्या झरोक्याच्या कडा सफाईने करायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो आणि म्हणून लहान उघड्या जागा न वजा करण्याची रीत आहे.

मग काम रोजावर द्यायचे की उक्ते, म्हणजे कामानुसार पैसे ठरवून, हा प्रश्न येतो. ज्या कामाची व्याप्ती आधी कळत नाही, उदाहरणार्थ गळती शोधणे, ते रोजावर द्यावे. टाइल बसवण्यासारखे मोजता येणारे काम उक्ते. गळतीचे काम उक्ते देण्याचा आग्रह धरला की कारागीर एक तर दुप्पट आकडा सांगतो किंवा अर्ध्यात फसतो, आणि दोन्हींत तोटा आपलाच.

दर रास्त आहे का हे कसे ओळखावे? शासन वेळोवेळी जाहीर करते ते किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांनुसार असतात आणि महागाईनुसार त्यांत दर सहा महिन्यांनी भर पडते. पण तो कायद्याने ठरवलेला तळ आहे, वीस वर्षे थापी चालवलेल्या माणसाची किंमत नव्हे. आसपासच्या दोन-तीन इमारतींत अलीकडे कुणी काय दिले हे विचारावे आणि नंतर स्वतः हिशेब करून पाहावा. समजा एखादा टाइल कारागीर दिवसाला १,२०० रुपये मागतो. पाऊस, खाडे, दोन कामांमधली रिकामी जागा धरून महिन्यात २० दिवस काम मिळाले तर २४,००० रुपये होतात. त्यातून कटरची ब्लेड, ड्रिलचे बिट, मशिनची दुरुस्ती, दुचाकीचे पेट्रोल आणि फुकट गेलेल्या पाहण्या वजा होतात. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची पगारी रजा नाही, आणि गुडघे पन्नाशीपर्यंतच साथ देतात. हा हिशेब मांडल्यावर "दिवसाचे बाराशे म्हणजे फार झाले" हे वाक्य पगारदार माणसाच्या तोंडी शोभत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

बजेट खरोखरच कमी असेल तर तसे सांगावे आणि काम कमी करावे. टाइल सात फुटांऐवजी चार फुटांपर्यंत, शॉवरच्या कोपऱ्यात तेवढी पूर्ण उंची. आयात टाइलऐवजी गुजरातमधल्या मोरबीची. फॉल्स सीलिंग पुढच्या वर्षी. असे पर्याय कारागीरच उत्तम सुचवतो, कारण कुठे पैसे वाचवले तर चालतात आणि कुठे नाही हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. वॉटरप्रूफिंग, पाइप आणि तारा या तीन ठिकाणी वाचवू नये.

ठेकेदारामार्फत काम देत असाल तर बिगारी बाईला आणि बिगारी पुरुषाला सारखाच रोज मिळतो का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तिसऱ्या मजल्यावरून राडारोड्याची घमेली डोक्यावर घेऊन उतरणारी बाई कमी रोजावर राबत असेल, तर समान कामाला समान वेतन हा १९७६ पासून कायद्यात असलेला नियम आपल्याच घरात मोडला जात असतो.

लेखी काय असावे आणि पैसे केव्हा द्यावेत

वकिली करारनामा नको. दोघांच्या सहीचा एक कागद, त्याच्या दोन प्रती, किंवा दोघांच्या फोनवर त्याचा फोटो पुरे. त्यात काम काय, माल कोणाचा, राडारोडा कोण व कुठे टाकणार, पाणी कोण मारणार, दर काय आणि पैसे कोणत्या टप्प्यावर, एवढे असावे. राडारोड्याचा मुद्दा विसरला जातो आणि मग तो राडारोडा रात्री गुपचूप नदीकाठी टाकला जातो. टेम्पोचे आणि महापालिकेने ठरवलेल्या जागेपर्यंत नेण्याचे पैसे अंदाजपत्रकात उघडपणे धरावेत.

समजा मजुरी ६०,००० रुपये ठरली आहे. सुरुवातीला ६,००० उचल, तोडफोड होऊन जागा साफ झाल्यावर ९,०००, पाइप टाकून त्यांत हातपंपाने पाण्याचा दाब देऊन दाबमापकाचा काटा स्थिर राहिल्याचे पाहिल्यावर १२,०००, पाण्याची चाचणी पार पडल्यावर १५,०००, टाइल पूर्ण झाल्यावर १२,०००, नळ-भांडी बसल्यावर ३,००० आणि महिनाभर वापरून पाहिल्यावर उरलेले ३,००० अशी वाटणी दोघांनाही सोयीची पडते. सर्वांत मोठा हप्ता न दिसणाऱ्या कामावर ठेवला आहे, हे मुद्दामच. निम्मी रक्कम आधी देऊ नये, आणि निम्मी शेवटपर्यंत अडकवूनही ठेवू नये. मिस्त्रीला हाताखालच्या माणसांचे पैसे आठवड्याला द्यावे लागतात, पुष्कळ ठिकाणी बाजाराच्या दिवशी, आणि आपला हप्ता रखडला की तो दुसऱ्या साइटची उचल घेऊन तिकडे अडकतो. मग "मिस्त्री फोन उचलत नाही" ही तक्रार सुरू होते.

वाढीव कामाचे पैसे हा संबंध बिघडण्याचा ठरलेला मार्ग आहे. "आलाच आहात तर स्वयंपाकघरातला तेवढा नळ बघा," "दोन टाइल उरल्यात, गॅलरीत लावून टाका," असे आपण सहज बोलून जातो. कारागीर भिडेखातर करतो, मनात मोजतो, आणि शेवटच्या बिलात कुठेतरी भरून काढतो. त्यापेक्षा त्याच कागदाच्या मागे वाढीव काम आणि त्याची रक्कम त्या-त्या दिवशी लिहावी, मग ती दोनशे रुपये का असेना. शेवटच्या हिशेबात "राउंड फिगर करा" म्हणून वरचे आठशे-हजार सोडायला लावणे हीही मजुरीतली कपातच आहे.

काम चालू असताना

पिण्याचे पाणी, पंखा, जेवायला बसण्याची जागा आणि वापरता येईल असे शौचालय यांची सोय पहिल्याच दिवशी दाखवावी. घरात एकच बाथरूम असेल आणि तेच तोडले असेल तर इमारतीतल्या सेवकांच्या शौचालयाची परवानगी संस्थेकडून आधी घ्यावी. कारागिरांना लिफ्ट वापरू न देण्याचा नियम असलेल्या संस्था आहेत. सामान नेण्याला मर्यादा घालणे समजू शकते, पण सातव्या मजल्यावर माणसाला जिन्याने चढवण्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि सभासद म्हणून त्याविरुद्ध बोलणे हे आपलेच काम आहे. चहाचा वेगळा, कोपऱ्यात उपडा ठेवलेला कप आजही काही घरांत असतो. तो का वेगळा आहे हे घरमालकालाही माहीत असते आणि कारागिरालाही.

वयाने मोठ्या मिस्त्रीला "काका" किंवा "मामा", बरोबरीच्याला "दादा", बाईंना "मावशी" किंवा "ताई" म्हणावे आणि क्रियापदही त्याला साजेसे वापरावे. "ए मिस्त्री, इकडे ये" असे पन्नाशीच्या माणसाला म्हणून वर त्याच्याकडून काळजीच्या कामाची अपेक्षा धरता येत नाही. सूचना एकाच व्यक्तीने द्याव्यात. सकाळी साहेबांनी एक सांगितले, दुपारी वहिनींनी दुसरे आणि संध्याकाळी आजोबांनी तिसरे, की झालेले काम तोडावे लागते. आणि आपल्या बदललेल्या मनामुळे तोडलेल्या कामाचे पैसे आपणच द्यायचे असतात. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर कामाआधी दाखवावा आणि "हे आपल्याकडे जमेल का?" असे विचारावे. माल कालवून झाल्यावर दाखवलेला व्हिडिओ हा सल्ला नसतो, अडथळा असतो.

चूक आढळली तर

आधी कारागिराला बोलावून, चारचौघांत न ओरडता, चूक दाखवावी आणि ती दुरुस्त करण्याची संधी द्यावी. त्याच्या हातून झालेली चूक त्याने स्वखर्चाने सुधारावी. आपण आणलेल्या सदोष मालामुळे किंवा त्याचा सल्ला डावलल्यामुळे झालेली असेल तर मजुरी पुन्हा द्यावी. म्हणूनच डावललेला सल्लाही कागदावर लिहून ठेवणे न्याय्य असते: "मिस्त्रींनी सात दिवस पाणी मारायला सांगितले होते, आम्ही तीन दिवसांत टाइल सुरू करायला लावली." संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकून बदनामी करणे हा पहिला उपाय कधीच असू नये, रोजीरोटी तोंडी शिफारशीवर चालणाऱ्या माणसाचे त्यात भरून न येणारे नुकसान होते. मोठ्या ठेकेदाराने मात्र पैसे घेऊन काम अर्धवट टाकले आणि लेखी कळवूनही दाद दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि तेथे आपला तो दोन सह्यांचा कागद आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी उपयोगी पडतात.

टाइल बसण्याआधी पाइप आणि तारांचे टेप धरून काढलेले फोटो जपून ठेवावेत, चार-सहा टाइल खोक्यासह माळ्यावर टाकाव्यात, आणि राखून ठेवलेली रक्कम ठरल्या दिवशी मिस्त्रीने फोन करण्याची वाट न पाहता पाठवावी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची असेल तर त्याला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो; ठेकेदाराकडून तो घ्यायला त्याला मदत लागली तर ती करावी. पुढे शेजाऱ्यांनी त्याचा नंबर मागितला की कामाबरोबर आपण दिलेला खरा दरही सांगावा, कारण फुशारकीने तो दोन-पाच हजारांनी कमी सांगितला की त्याची पुढची घासाघीस त्याच आकड्यापासून सुरू होते.